सारंगाचे कान

हार्म टीटयन सारंगाच्या कानांबद्दल हाम्बुर्गजवळच्या फिंकनवेर्डर बेटावर जेवढ्या गोष्टी सांगितल्या जायच्या, त्यांतल्या निम्म्या त्यानेच पसरवलेल्या होत्या. दाट धुक्यात हाताचं बोट दिसत नसताना तो डेकवर उभा राही आणि सांगे, डावीकडे भोंगा वाजला ती ब्रेमेनची बोट, तिच्या घशात नेहमी घरघर असते. धुकं विरलं की डावीकडे खरंच ब्रेमेनची बोट निघे. इंजिनाच्या आवाजावरून तो इंजिनवाल्याने सकाळी असली कॉफी घेतली की चिकोरीची तेही ओळखतो, असं एकजण दारूच्या गुत्त्यात म्हणाला होता. ती मात्र शुद्ध थाप होती. पण हार्मने ती कधी खोडून काढली नाही.

त्याला दोष कशाला द्यायचा? गर्व करावा असं त्याच्याजवळ दुसरं होतं तरी काय? बापाची मासेमारीची होडी थोरल्या भावाकडे गेली. हा चौदाव्या वर्षी शिडाच्या जहाजावर चढला, चिलीहून खताचा सोरा आणता आणता मोठा झाला, मग वाफेच्या बोटींवर गेला आणि चौतिसाव्या वर्षी सारंग झाला. म्हणजे डेकवरच्या सगळ्या माणसांचा मुकादम. दोर, साखळ्या, नांगर, कोठारांची झाकणं आणि माणसं, सगळं त्याच्या हवाली. लग्न त्याने केलं नाही. बहिणीच्या घराच्या माळ्यावर एक खोली आणि एक पेटी, एवढाच संसार.

लग्न का केलं नाही, हा बेटावर चघळायचा विषय होता, कारण बाई तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. बंधाऱ्याच्या रस्त्यावर राहणारी व्यूबके श्टेर. उंच, हाडापेराने मजबूत, जाळी विणून पोट भरणारी आणि जिभेला धार असलेली. तिचा नवरा देटलेफ हार्मच्याच बोटीवर खलाशी होता आणि तो राहिला. समुद्रात गेलेल्या माणसाला फिंकनवेर्डरमध्ये बुडाला म्हणत नाहीत, राहिला म्हणतात. देटलेफ राहिला त्यानंतर दहा वर्षं हार्म बोटीवर नसला की दर गुरुवारी तिच्या दारात जाई. मासे नेई, लाकडं फोडून देई, खिडक्यांच्या बिजागऱ्या ठोकून देई, आणि कॉफी पिऊन निघून जाई. शेजारणी म्हणत, अरे बाबा, एवढी लाकडं तर लग्नाचा नवरासुद्धा फोडत नाही. व्यूबकेनेही एकदा तोंडावरच विचारलं होतं, की तुझ्या मनात आहे तरी काय, का माझी कुऱ्हाड तुला आवडते? हार्म कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि फोडलेलीच लाकडं परत फोडू लागला. लोकांना वाटलं, लाजतोय.

लाजत नव्हता. त्याच्या पोटात एक गोष्ट होती, आणि ती पोटात ठेवून तिच्या घरात राहायला जाण्याइतका तो निर्लज्ज नव्हता.

एकोणीसशे एकवीसच्या नोव्हेंबरात त्यांची 'डोरोथेआ' बोट अर्जेंटिनाचा गहू भरून हाम्बुर्गला येत होती. फ्रान्सच्या पश्चिमेला वादळ लागलं. सुटा गहू कोठारात एका अंगाला सरकला, बोट कलंडू लागली. देटलेफ धरून तिघे जण फावडी घेऊन खाली उतरले. तेवढ्यात लाटा डेकवरून आरपार जायला लागल्या आणि कप्तानाने हुकूम दिला, माणसं वर घ्या, झाकण बंद करा. झाकण म्हणजे जाड फळ्या, फळ्यांवर ताडपत्री, ताडपत्रीच्या कडांना लोखंडी पट्ट्या, आणि पट्ट्या आवळायला लाकडी पाचरी. त्या पाचरी मोगरीने ठोकायचं काम सारंगाचं. पण ठोकण्याआधी आणखी एक काम सारंगाचंच असतं. वर आलेल्या एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून माणसं मोजायची.

हार्मने मोजली नाहीत. दोघे वर येऊन पुढे पळाले ते त्याने पाहिलं, तिसरा त्यांच्या आधीच गेला असेल असं धरलं. तरी त्याने भोकात डोकं घालून एक हाक मारली आणि कान दिला. काही ऐकू आलं नाही. ज्या कानांना धुक्यातली ब्रेमेनची बोट कळते त्यांना काही ऐकू आलं नाही, म्हणजे खाली कोणी नाही. त्याने पाचरी मारल्या. शेवटची पाचर मारताना त्याला वाटलं आपल्याच मोगरीचा आवाज परत येतोय. त्याने मोगरी थांबवली. आवाज थांबला नाही.

झाकण उघडलं असतं तर कोठार पाण्याने भरून बोट गेली असती, बावीस माणसांसकट. हे खरं होतं. कप्तानाने तेच सांगितलं आणि हार्मलाही ते पटलं. पुढे बोटीच्या वहीत नोंद झाली, की देटलेफ श्टेर कोठारातून वर आल्यावर डेकवरून लाटेने ओढून नेला. हाम्बुर्गला सागरी चौकशी झाली. लांब टेबलामागे तीन गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, पाचरी मारण्याआधी हाक मारलीत का? मारली. ओ आली का? नाही. झाकण बंद केल्यावर खालून काही आवाज? हार्म म्हणाला, वाऱ्याशिवाय काही नाही. तो हार्म टीटयन होता, त्याच्या कानांची ख्याती त्या खोलीपर्यंतही पोहोचली होती, म्हणून पुन्हा कोणी विचारलं नाही. कप्तान वर्षभरात छातीच्या दुखण्याने गेला. मग पृथ्वीवर ती गोष्ट जाणणारा हार्म एकटा उरला.

आणि व्यूबके सगळ्यांना सांगायची, माझ्या देटलेफला कोंडलेल्या जागेची फार भीती, बाई. तळघरात बटाटे आणायला जायचा नाही. एवढं एक बरं, की झटक्यात गेला, आणि डोक्यावर मोकळं आभाळ होतं. हे ती हार्मसमोरही बोलायची, त्याच्या कपात कॉफी ओतता ओतता. तरी तो दर गुरुवारी जायचा. न जाणं त्याला जमलं नाही, आणि सांगणंही जमलं नाही.

मग एकोणीसशे तीसचा हिवाळा आला. मंदीमुळे बंदरात बोटी एकमेकींना दोराने बांधून नुसत्या उभ्या होत्या, आणि खलाशी भरतीच्या कचेरीबाहेर पाय आपटत. एके दिवशी त्या कचेरीत बर्लिनहून एक मागणी आली. बोटीवरचे सगळे आवाज ओळखणारा अनुभवी माणूस पाहिजे, बोलपटासाठी. कारकुनाने मान वर न करता विचारलं, टीटयन कुठे आहे?

दिग्दर्शकाचं नाव आर्नो लाउटेनबाख. बारीक अंगाचा, गळ्यात कायम राखाडी मफलर, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाकावं लागे. मूकपटांच्या काळात त्याचं नाव होतं, पण बोलपट आल्यावर बाकीच्यांना जे वेड लागलं ते त्याला लागलं नाही. बाकीचे नटांना अखंड बोलायला लावत होते आणि जिथे बोलणं नाही तिथे गाणं कोंबत होते. लाउटेनबाख उलट संवाद खोडत बसे. त्याच्या चित्रात संगीत नव्हतं. कॅमेरा एका जागी खांबासारखा उभा राही. माणसं धुक्यातून येत, अर्धी दिसत, निघून जात. आणि जी भयंकर गोष्ट पाहायला लोक येणार ती तो दाखवतच नसे, फक्त ऐकवे, तीही बऱ्याच शांततेनंतर. आवाज टिपायच्या वेळी तो मफलर सोडून स्वतःच्या डोळ्यांवर बांधायचा आणि खुर्चीत बसून राहायचा. हार्मला पहिल्या दिवशी तो वेडा वाटला. तिसऱ्या दिवशी वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखा माणूस भेटला.

बोलपटाचं नाव होतं 'गणतीत एक कमी'. वालपाराइसोहून एक मालबोट येते, यादीत सव्वीस नावं आणि डेकवर पंचवीस माणसं. बंदराचा एक म्हातारा पोलीस अधिकारी गेलेल्या सव्विसाव्याचा शोध घेतो. गोष्टीत असं होतं, की त्याला कठड्यावरून ढकललं. हार्मने दोन आठवडे मन लावून काम केलं. नांगराची साखळी, दोराची कुरकुर, तव्यासारख्या तापलेल्या पत्र्यावर पडणारं पाणी, रिकाम्या बोटीचं आणि भरलेल्या बोटीचं कण्हणं. आवाज टिपणारा क्रुम नावाचा जाडा माणूस होता. कानांवर डबे लावून तो काचेमागच्या खोलीत बसे आणि म्हणे, सारंग, तुम्ही शिंकलात तरी मी ते ठेवून देणार आहे. एवढं कौतुक हार्मचं कधी झालं नव्हतं. तो मनातून फुलला, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

घोडं अडलं ते पाण्यात पडणाऱ्या माणसापाशी. हौद भरला, त्यात पोतं टाकलं, डुकराचं धड टाकलं, शेवटी एका पोहणाऱ्यालाही टाकलं. पण त्या यंत्रातून पाण्याचा आवाज बाहेर येई तो कढईत बटाटे तळल्यासारखा. सगळा स्टुडिओ हसला. लाउटेनबाख हसला नाही. त्याने मफलर सोडला आणि हार्मला बाजूला घेऊन विचारलं, टीटयन, पाण्याचा आवाज न होता बोटीवरून माणूस नाहीसा कसा होतो?

हार्मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण दोन आठवडे जे विचारतील ते त्यालाच येत होतं, आणि आता येत नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. तो म्हणाला, कधी कधी कोणी झाकणाखाली राहतो. ऐकीव गोष्ट आहे, दुसऱ्या कुठल्या बोटीवरची. लाउटेनबाखने दोन दिवसांत गोष्टीतला कठडा काढून तिथे झाकण घातलं.

स्टुडिओत लाकडी कोठार उभारलं, त्यावर झाकण बांधलं, ताडपत्री घातली. क्रुमच्या माणसाने खाली शिरून हातोडीने पत्रा बडवला. ठण् ठण् ठण्. हार्म भिंतीशी उभा होता. खरं तर त्याने तो आवाज तसाच जाऊ द्यायचा, आणि पुढे कोणी विचारलं तर सिनेमावाल्यांना काय कळतंय म्हणून मोकळं व्हायचं. पण खोटा आवाज त्याला सहन होईना. तो पुढे झाला आणि म्हणाला, असा नाही येत.

लाउटेनबाखच्या डोळ्यांवर मफलर होता. "मग कसा येतो?" त्याने विचारलं.

"त्याच्याकडे हातोडी कुठून येणार? मूठ असते नुसती. आणि ताडपत्री असते, ओली. आवाज कानाला नाही येत आधी. तळपायाला येतो."

मग हार्म स्वतः त्या लाकडी कोठारात उतरला. वर झाकण लावलं. त्याने मूठ वळली आणि फळीवर ठोके दिले, आधी भराभर, मग थांबून, मग दमाने, आणि शेवटी शेवटी मऊ, कोणी पिठाच्या गोणीवर हात मारावा तसे. किती वेळ ते त्याला कळलं नाही. झाकण काढलं तेव्हा क्रुमने कानांवरचे डबे काढून मांडीवर ठेवले होते. लाउटेनबाखने मफलर सोडला होता आणि तो हार्मकडे बघत होता, जणू काही विचारणार होता. त्याने विचारलं नाही. "झालं," एवढंच तो म्हणाला, "दुसऱ्यांदा घ्यायचं नाही."

हार्म परत आला तेव्हा बेटावर तो मोठा माणूस झाला होता. गुरुवारी तो व्यूबकेकडे गेला. जाताना पक्कं ठरवून गेला, की आज सांगायचं, चित्र लागण्याआधी. व्यूबके जाळं मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्याला पाहताच सुरू केलं.

"या, नटसम्राट. पत्र्याचे डबे बडवायला बर्लिनपर्यंत गेला होतास म्हणे."

"डबे नाहीत बडवले."

"मग काय? सिनेमात सगळं खोटंच असतं. पाऊस म्हणजे वाटाणे असतात म्हणे."

आणि हार्मच्या तोंडून ते निघून गेलं. "त्यात एकही आवाज खोटा नाही. या कानांनी जे ऐकलंय तेच दिलंय मी, दुसरं काही नाही." व्यूबके हसली, म्हणाली, मग तर बघायलाच पाहिजे. सांगायचं ते ओठांवरच राहिलं. पुढच्या गुरुवारीही राहिलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याने एवढंच म्हटलं, की चित्र कंटाळवाणं आहे, तू जाऊ नकोस. एवढ्याने व्यूबके थांबली असती तर ती व्यूबके कसली?

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी फिंकनवेर्डरची वीसेक माणसं फेरीबोटीने हाम्बुर्गला गेली. बायकांनी चर्चचे कोट घातले होते, कोणी धुरावलेला ईल मासा आणि काळा पाव बांधून घेतला होता. थिएटर बंदराजवळचंच. मंडळींनी हार्मला आग्रहाने मधोमध बसवलं आणि व्यूबकेला त्याच्या शेजारी, मुद्दाम. साखळी वाजली की मागून कोणी त्याच्या पाठीवर थाप मारी.

मग ते झाकण आलं. पडद्यावर सहा खलाशांच्या पाठी होत्या, पलीकडे धुकं. कॅमेरा हलत नव्हता. काहीच वाजत नव्हतं, इतका वेळ, की थिएटरात कोणाच्या तरी खुर्चीची कुरकुर मोठी वाटली. आणि खालून ठोका आला. मग ठोके. पडद्यावरच्या सहांपैकी कोणीही वळलं नाही. फक्त एकाने मान थोडी खाली घातली. ठोके मऊ झाले, दूर दूर झाले, आणि थांबले. लगेच पुढचं दृश्य आलं, बंदरात सकाळ झाली होती. झाकण उघडलेलं लाउटेनबाखने दाखवलंच नाही. मागच्या रांगेत एक बाई रडत होती. व्यूबके रडली नाही. तिने हातमोजे काढले आणि परत घातले.

परतताना ती फेरीबोटीवर आत बसली नाही, कठड्याशी उभी राहिली. हार्म तिच्यामागे जाऊन उभा राहिला, कारण न जाणं आता आणखी वाईट होतं. एल्ब नदीवर वारा बोचत होता.

"ते ठोके त्यांना कोणी शिकवले?" तिने विचारलं.

हार्म पाण्याकडे बघू लागला.

"तू म्हणालास एकही आवाज खोटा नाही. हार्म, माझ्याकडे बघ. तो खाली होता?"

"होता."

तिने मान हलवली, जसं एखादं जुनं बिल पटावं. "दहा वर्षं मी खिडकी उघडी टाकून झोपले, त्याच्या डोक्यावर आभाळ होतं म्हणून," ती म्हणाली. "मला सांगितलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, मारलंही असतं, पण घरात ठेवलं असतं ते दुःख, आपल्या दोघांत. तू सगळ्या जर्मनीला सांगितलंस. मला सोडून." आणि ती पलीकडच्या कठड्याला गेली. फिंकनवेर्डर येईपर्यंत तिने मान वळवली नाही.

हार्मने लाउटेनबाखला पत्र लिहिलं. तेवढा भाग कापून टाका, वाटलं तर माझं नाव काढा, पण तो भाग कापा. आठवड्याने उत्तर आलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. चाळीस गावांत प्रती गेल्या आहेत आणि तो भाग म्हणजेच ते चित्र आहे, असं त्यात होतं. खाली आणखी दोन ओळी होत्या. 'त्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं, टीटयन. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही थांबला असता.' हार्मने ते पत्र जाळलं नाही की जपलंही नाही, कोटाच्या खिशात तसंच ठेवलं. रोज तीन वाजता, पाच वाजता आणि साडेसातला चाळीस गावांत देटलेफ ठोकतोय, हे त्याच्या डोक्यातून जाईना. तीन वाजायला आले की तो बहिणीच्या अंगणात उगाच काहीतरी मोठ्याने करायचा, पिंपं लोळवायचा. बहीण म्हणाली, तुला झालंय तरी काय?

गुरुवारी तो व्यूबकेच्या दाराशी गेला तेव्हा दार लावलेलं होतं. मग फेरीबोटीवाल्याकडून कळलं, ती रोज दुपारी दोनची फेरी पकडून हाम्बुर्गला जाते. जाळ्यांचं काम तुंबलं होतं, लोक कुजबुजत होते. हार्म एकदा लांब राहून तिच्यामागे गेला. ती थिएटरात शिरली, तिकीट घेतलं, तासाभराने बाहेर आली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याने दारावरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, त्या बाई होय? पहिल्या रांगेत बसतात, ते ठोके संपेपर्यंत. मी एकदा विचारलं, पुढचं बघत नाही का? तर म्हणाल्या, त्याच्याजवळ कोणीतरी बसायला हवं होतं.

हे ऐकून हार्म बंदराच्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि रडला, पन्नाशी उलटलेला माणूस, भर दुपारी. माणसं बाजूने जात होती. त्याला त्याची लाज वाटली नाही. ज्याची वाटायची ती दुसरीच होती.

बुधवार हा त्या चित्राचा शेवटचा दिवस होता. हार्म तिकीट काढून आत गेला आणि पहिल्या रांगेत तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसला. तिने त्याला पाहिलं आणि परत पडद्याकडे तोंड केलं. ठोके आले, मऊ झाले, थांबले. त्या दिवशी ती उठली नाही. म्हाताऱ्या पोलीस अधिकाऱ्याने गुन्हेगार शोधून काढेपर्यंत दोघे बसून राहिले. दिवे लागले, लोक उठून गेले. मागे एक झाडणारी बाई खुर्च्या उचलू लागली.

"रोज वाटतं, आज तरी झाकण उघडतील," व्यूबके म्हणाली. "तुमचा तो दिग्दर्शक उघडतच नाही. पाठी दाखवतो नुसत्या."

"तो म्हणतो, न दाखवलेलं माणसाला जास्त..."

"त्याचं मला सांगू नकोस. तू उघडलंस ना? मग तू सांग."

हार्मने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाकीचे मागे सुकाणूच्या दुरुस्तीत असताना, त्याने आणि कप्तानाने दोन फळ्या उचलल्या. हवेच्या नळ्याही वादळात बुजवलेल्या होत्या, म्हणून आत हवा उरली नव्हती. देटलेफ शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होता. पडू नये म्हणून त्याने डावा हात शिडीत अडकवला होता. डोळे उघडे होते, ते हार्मने मिटले. उजव्या मुठीवर टोपी गुंडाळून गळ्यातल्या रुमालाने बांधली होती. मग त्यांनी त्याला पाण्यात सोडला.

"टोपी कशाला?"

"बोटांची हाडं उघडी पडली होती. म्हणून ठोके मऊ झाले. मला वर वाटलं, तो संपत आला." हार्म हातांकडे बघत होता. "तो संपत आला नव्हता. टोपी बांधून ठोकत होता."

व्यूबके पांढऱ्या पडद्याकडे वळली. मग तिने विचारलं, "ठोके मऊ झाले तेव्हा वादळ होतं?"

हे दहा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. चौकशीतल्या तिघांनी नाही, लाउटेनबाखने नाही. एक हो म्हटलं असतं की भागलं असतं. कप्तान मेला होता, वही कुठल्या तरी कपाटात बंद होती, आणि वादळ असतं तर कदाचित व्यूबकेने त्याला पुढेमागे दार उघडलं असतं. हे सगळं हार्मला त्या एका क्षणात समजलं.

"नव्हतं," तो म्हणाला. "वारा पडला होता. डेकवर पाणी येत नव्हतं. कप्तानाने मला विचारलं, खाली काही ऐकू येतंय का, उघडायचं का. मी म्हणालो, नाही, आता काही नाही."

"का?"

"तो जिवंत वर आला असता, तर सगळ्यांनी विचारलं असतं, माणसं न मोजता पाचरी कोणी मारल्या. मला त्याच्या मरण्याची नाही, व्यूबके, त्याच्या वर येण्याची भीती वाटली."

झाडणारी बाई त्यांच्या रांगेत आली आणि पाय वर घ्या म्हणाली. दोघांनी घेतले. ती पुढे गेल्यावर व्यूबकेने कोटाची बटणं लावायला सुरुवात केली, खालून वर, एकेक. शेवटच्या बटणापाशी तिचा हात थांबला.

"वारा पडल्यानंतर त्याने किती वेळा ठोकलं?"

"एकशे बारा," हार्म म्हणाला.

"म्हणजे मोजता येत होतं तुला," व्यूबके म्हणाली.